पांढऱ्या कापडाचं काय करायचं?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मकबूल फिदा हुसेन यांचं ‘श्वेतांबरी’ नावाचं प्रदर्शन भरलं. हुसेन म्हटलं की उधळलेले घोडे, ठसठशीत काळी रेषा, लाल-पिवळ्याचे धगधगते पट्टे. तेच बघायला आलेल्यांना आत एकही घोडा सापडला नाही. दालनं पांढऱ्या कापडाने झाकलेली होती आणि जमिनीवर फाटक्या वर्तमानपत्रांचे तुकडे पसरलेले होते. काढलेलं असं काही नव्हतंच. प्रदर्शन गाजलं आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रकाराने लोकांना भिंतभर कापड दाखवावं, हे अनेकांच्या पचनी पडलं नाही.

सोलापूर जिल्ह्याने हे प्रदर्शन विसरू नये, कारण हुसेन पंढरपूरचे. १९१५ साली तिथे त्यांचा जन्म झाला. आई फार लवकर गेली, कुटुंब इंदूरला गेलं आणि पुढे मुंबईत सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवत हा माणूस चित्रकार झाला. त्यांच्याच जन्मसाली, डिसेंबरात, रशियातल्या पेट्रोग्राड शहरात काझिमिर मालेविच याने पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच काळा चौकोन रंगवून प्रदर्शनात मांडला. रशियन घरांत देवाच्या तसबिरी जिथे लावतात, त्या वरच्या कोपऱ्यात त्याने तो टांगला. जवळजवळ रिकाम्या चित्रांचा वाद तेव्हा पेटला आणि शंभर वर्षं उलटली तरी विझलेला नाही.

सोलापुरात हा वाद अधूनमधून भडकतो, आणि बहुतेक वेळा कारण असतं पैसा. सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक शीर्षकहीन अमूर्त चित्र लिलावात ६७ कोटी रुपयांना गेलं. बातमी मोबाइलवर आली, सोबत चित्राचा बोटभर फोटो आला, आणि ठरलेली प्रतिक्रिया उमटली: हे तर आमचं बारकं पोरगं बी काढंल की! या वाक्यात राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या शहरात गिरण्या बंद पडताना लोकांनी पाहिल्या, यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून मजुरी मिळवली, तिथे दोन-चार रंगांच्या थरांना ६७ कोटी हा आकडा टोचणारच. माणसाने राबावं किती आणि मिळवावं किती, याचा साधा हिशेब त्या रागामागे आहे.

पण हा राग ‘ही कला आहे का’ या प्रश्नाचं रूप घेतो, आणि तो प्रश्न चुकीचा आहे. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ११८ कोटींना विकलं गेलं. म्हणजे गायतोंड्यांच्या त्या चित्राच्या दीडपटीहून जास्त. त्यात बैलगाडी आहे, जात्यावर बसलेली बाई आहे, शेतकरी आहे; खेड्यातल्या जगण्याचे तुकडे शेजारी शेजारी मांडलेले आहेत. त्या किमतीवर लोकांनी तोंडात बोटं घातली, पण ‘ही कला आहे का’ असं कोणी विचारलं नाही. लिलावातला आकडा श्रीमंतांच्या चढाओढीतून ठरतो, चित्रांच्या टंचाईतून ठरतो, आणि चित्रकार बहुधा तोवर हयात नसतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले. आयुष्यातली अनेक वर्षं ते दिल्लीत निजामुद्दीनच्या एका साध्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. त्या ६७ कोटींतला एक रुपयाही त्यांच्या हाताला लागलेला नाही. तेव्हा किंमत बाजूला ठेवून चित्राकडे यावं हे बरं.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याकडचं आणि वाढले गिरगावात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली तेव्हा ते उत्तम आकृती काढत. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केलेली त्यांची सुरुवातीची चित्रं उपलब्ध आहेत. त्यांतली माणसं, पक्षी, रेषेची लय बघितली तर हात किती तयार होता हे कळतं. ‘ज्याला काढता येत नाही तो अमूर्त काढतो’ हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही. १९५७ मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं, १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्या काळात चित्रातली माणसं, घरं, झाडं एकेक करून मागे पडत गेली.

उरलं काय, ते नीट सांगायला हवं, कारण वादाचं खरं ठिकाण तेच आहे. गायतोंडे तैलरंग पातळ करून त्याचे थर देत. रोलर फिरवत, रंगाच्या सुरीने खरवडत, काही जागी आधीचा थर पुन्हा उघडा पाडत. मासिकांतले किंवा वर्तमानपत्रांतले कागद कापून, रंग लावून ते कॅनव्हासवर दाबत आणि उचलून घेत. त्या ठशांतून अक्षरांसारखी भासणारी, पण कुठल्याही लिपीत न बसणारी चिन्हं तयार होत. मग थांबत. दिवसच्या दिवस विचार आणि थोडकं काम, अशी त्यांची रीत होती. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच चित्रं पुरी होत. अशा चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा एकच रंग दिसतो, समजा, हिरवट पिवळा. दोन-चार मिनिटांनी तो खालच्या बाजूला दाट आणि वर विरळ असल्याचं कळतं. मग पृष्ठभागाच्या आत काहीतरी तरंगत असल्यासारखं वाटू लागतं आणि नजर पुढे-मागे करू लागते. हे सगळं त्या थरांनी घडवून आणलेलं असतं. कुठला थर राखायचा, कुठला पुसायचा, कुठे हात आवरायचा, याचे निर्णय एका माणसाने जाणीवपूर्वक घेतलेले असतात.

बोटभर फोटोत यातलं काहीही येत नाही. फोटोत येतो फक्त हिरवट पिवळा. या चित्रांचं दुर्दैव असं की घोड्याचा फोटो काढला तरी घोडा उरतो, पण गायतोंड्यांचा फोटो काढला की गायतोंडे जातात. सोलापुरातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलंय ते असं. न पाहिलेल्या वस्तूबद्दलचा निकाल कितीही ठामपणे दिला तरी तो अपुराच राहतो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात घडलेली गोष्ट इथे सांगायला हवी. तिथे बार्नेट न्यूमन या अमेरिकन चित्रकाराचं सुमारे साडेपाच मीटर रुंद चित्र आहे: जवळजवळ सगळं लाल, एका कडेला निळी पट्टी, दुसऱ्या कडेला पिवळी. १९८६ मध्ये एका माणसाने त्यावर सुरी चालवली. फाटलेलं चित्र दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला पाठवलं गेलं आणि १९९१ मध्ये परत आलं. ते बघून जाणकार हादरले. लाल रंग जागच्या जागी होता, पण पूर्वीची खोली आणि थरथर नाहीशी झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याने फक्त फाटलेल्या जागा न सांधता सगळा लाल भाग रोलरने नव्याने रंगवून टाकला, असा आरोप झाला. प्रयोगशाळेत तपासणी झाली, प्रकरण वकिलांपर्यंत पोचलं. ‘नुसता लाल रंग’ एवढंच त्या चित्रात असतं, तर दुसऱ्याच्या हातच्या लालने काही बिघडायला नको होतं. आणि दोष रोलरचाही म्हणता येत नाही, कारण गायतोंडे रोलरच वापरत. अवजार एकच, कुठे थांबायचं हे एका हाताला ठाऊक होतं, दुसऱ्याला नव्हतं.

‘लहान मूलही हे काढेल’ या दाव्याची तर अमेरिकेत रीतसर परीक्षा झाली आहे. बोस्टन कॉलेजच्या एंजेलिना हॉले-डोलन आणि एलन विनर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि त्यांच्याशी मिळतीजुळती लहान मुलांची, माकडांची, हत्तींची चित्रं जोडीजोडीने लोकांपुढे ठेवली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या अंदाजाने जेवढ्या वेळा बरोबर निघालं असतं, त्याहून स्पष्टपणे जास्त वेळा लोकांनी चित्रकाराचंच चित्र सरस ठरवलं. चित्राखाली मुद्दाम चुकीची नावं लावली तेव्हाही पारडं चित्रकाराकडेच झुकलं. निवड करणाऱ्यांत कलेचं शिक्षण न घेतलेले विद्यार्थीही होते. प्रत्येकाला प्रत्येक वेळी जमलं असं नाही, हेही खरं. पण हेतूने केलेलं आणि सहज घडलेलं यांतला फरक सामान्य डोळ्यालाही बराचसा दिसतो.

महाराष्ट्राच्या मातीतलं आणखी एक उदाहरण अधिक हलवून टाकणारं आहे. चित्रकार नसरीन मोहमदी बडोद्याला शिकवत आणि अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं येणं-जाणं असे. १९९० मध्ये त्यांचा मृत्यूही किहीमलाच झाला. पेन्सिल, शाई आणि पट्टी एवढ्यावर त्यांनी काम केलं. कागदावर तिरक्या, समांतर, कुठे दाट तर कुठे नाहीशा होणाऱ्या बारीक रेषा. त्यांना मज्जासंस्थेचा दुर्धर आजार होता, शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, आणि त्याच वर्षांत त्यांच्या रेषा अधिकाधिक नेमक्या होत गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ मध्ये ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांचं प्रदर्शन होतं. चित्र बघणाऱ्याला आजार माहीत असण्याची गरज नाही. ती रेषा आपल्या बळावर उभी आहे.

म्हणून रिकाम्या चौकटीत मांडलेलं सगळं थोर, असा अर्थ कोणी काढू नये. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या एका संग्रहालयाने येन्स हानिंग नावाच्या कलावंताला पाच लाखांहून अधिक क्रोनर रोख दिले. त्या नोटा चौकटीत लावून त्याने आपल्याच जुन्या कलाकृती पुन्हा करायच्या होत्या. त्याने दोन कोऱ्या चौकटी पाठवल्या आणि शीर्षक दिलं ‘पैसे घ्या आणि पळा’. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये बहुतेक रक्कम परत करण्याचा निकाल लागला. त्या चौकटी बघण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. किस्सा ऐकला की त्यांचं काम संपलं. आपल्याकडच्या गॅलऱ्यांतही गायतोंड्यांची नक्कल करणारे, एक थर देऊन त्यावर दोन खरवड्या मारणारे, आणि पत्रकात ‘अस्तित्वाचा शोध’ लिहून देणारे कमी नाहीत. असल्या पत्रकांनी अमूर्त चित्राचं जेवढं नुकसान केलं, तेवढं टीकाकारांनीही केलं नसेल. समोर रंग असताना वाक्यांच्या आड लपायची गरज का पडावी?

इथे एक गल्लत दूर करायला हवी. ‘ही कला आहे का’ आणि ‘ही चांगली कला आहे का’ हे दोन प्रश्न आपण एकात एक मिसळतो, आणि तेही फक्त अमूर्त चित्राच्या बाबतीत. कॅलेंडरवरचा सुमार सूर्यास्त किंवा तोंडवळा न जमलेलं व्यक्तिचित्र बघून कोणी त्याला कलेच्या बाहेर काढत नाही. चित्र फसलंय एवढंच म्हणतात. अमूर्त चित्राला मात्र फसण्याची सवलतच नाही, ते एकदम खोटंच ठरतं. त्याला दार उघडून आत घ्यावं आणि मग हवं तेवढं कठोर तपासावं. आत घेतल्यानंतर ‘हे चित्र वाईट आहे’ असं म्हणण्याचा हक्क सोलापूरच्या चादर विणणाऱ्यालाही तेवढाच आहे, जेवढा मुंबईच्या समीक्षकाला.

किंबहुना कांकणभर जास्तच. महाराष्ट्रातल्या आधुनिक चित्रकलेचा आणि मागाचा संबंध फार जवळचा आहे, आणि तो सोलापुरात कोणी सांगत नाही याची खंत वाटते. हातमागाला नवी डिझाइन्स मिळावीत म्हणून केंद्र सरकारने १९५० च्या दशकात विणकर सेवा केंद्रं सुरू केली आणि पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने तिथे तरुण चित्रकारांना नोकऱ्या मिळाल्या. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे तिथे होते. पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले हे चित्रकार आयुष्यभर अमूर्तच रंगवत राहिले. रायगड जिल्ह्यातल्या नागावचे प्रभाकर बरवे अनेक वर्षं तिथे काम करत होते. बरवे यांची चित्रं पूर्ण अमूर्त नसतात. पान, घड्याळ, एखादी सावली त्यांत येते, पण ती मोठ्या मोकळ्या अवकाशात एकटी ठेवलेली असते. त्यांनी चित्रविचारांवर मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘कोरा कॅनव्हास’. इतक्या अवघड विषयावर इतकं सरळ मराठी कमी लोकांनी लिहिलं आहे. दिवसा विणकरांसाठी नक्षी आखणारे हे हात आपल्या चित्रांत मोकळी जागा राखत होते.

सोलापुरी चादरीचं डिझाइन कसं होतं ते इथल्या जाणत्या माणसाला सांगावं लागत नाही. ग्राफ कागदावर चौकट-चौकट भरून नक्षी उतरवायची, तिच्यावरून जेकार्डची पंचकार्डं पाडायची, मग उभ्या-आडव्या धाग्यांत ती उमटते. हे काम करणारा माणूस मोराकडे मोर म्हणून बघत नाही. चार घरं काळी आणि पाच पांढरी, पट्टा दोन धाग्यांनी सरकवला तर काठ जड होतो, मधला भाग मोकळा सोडला तर रंग उठतो, हे तो बघतो. आकार, अंतर, वजन, रिकामी जागा: अमूर्त चित्रकाराचं भांडवलही हेच. चादर अंगावर घ्यायची वस्तू आहे, तिची नक्षी हजारदा तशीच यावी लागते. चित्र एकदाच होतं आणि कशालाही उपयोगी पडत नाही. फरक मोठा आहे. तरी डोळ्याची तालीम एकच आहे, आणि ती तालीम झालेल्या शहराला ‘तुम्हाला हे कळणार नाही’ असं सांगणं चुकीचं आहे.

निराकाराकडे टक लावून बघण्याचीही इथे जुनी सवय आहे. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, यण्णीमज्जनाच्या दिवशी, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज घेऊन निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. लिंगाला चेहरा नसतो, हात नसतात, प्रसंग नसतो. इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याकडे एकटक बघणारा लिंगायत भक्त ‘यात चित्र कुठाय’ असं विचारत नाही. पूजा आणि कला एक नव्हेत, लिंगाला कोणी कलाकृती म्हणून टांगत नाही. मात्र आकृती नसेल तर बघायला काही नाही, ही समजूत निदान सिद्धेश्वराच्या गावाने तरी उराशी धरू नये.

ती समजूत येते कुठून, तर बरीचशी शाळेतून. राज्यात दरवर्षी मोठ्या संख्येने मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतात. त्यात स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं, आणि संकल्पचित्रही असतं. संकल्पचित्रात मूल आकार आणि रंग यांची निव्वळ रचना करतं, म्हणजे अमूर्ताच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहतं. तिथेच त्याला सोडून दिलं जातं. दहावीला वाढीव गुण मिळतात, रंगपेटी माळ्यावर जाते, आणि त्याच रचनेतून पुढे गायतोंडे, अंबादास, नसरीन कुठवर गेले हे त्याला कोणी दाखवत नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. दाखवायचं तर अस्सल चित्र लागतं, आणि ते त्याच्या हाती नाही.

अस्सल चित्रं मुंबईत आहेत. काळा घोड्याचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, आणि त्यात गायतोंडेही आहेत. सकाळी सोलापुरातून वंदे भारतने निघालेला माणूस दुपारी तिथे पोचू शकतो. पण शाळेचे चाळीस विद्यार्थी घेऊन जाणं सोपं नाही, खर्च आहे, परवानग्या आहेत. त्यापेक्षा चित्रांनी इकडे यावं. सार्वजनिक पैशातून जमवलेले संग्रह वर्षानुवर्षं कोठारात पडून असतात. त्यांतली निवडक दहा-बारा चित्रं, पुरेशा सुरक्षेसह आणि योग्य तापमान राखून, महिनाभर सोलापुरात ठेवता येतील. कला संचालनालयाने मनावर घेतलं आणि महापालिकेने जागा दिली तर हे जमण्यासारखं आहे. सोबत लांबलचक पत्रक नको. जेकार्डचं डिझाइन करणारा एखादा जुना कारागीर आणि एखादा चित्रकार यांना एकेका चित्रासमोर उभं करून मुलांसमोर बोलू द्यावं. हुसेन यांच्या जन्मजिल्ह्यात सुरुवात हुसेननेच करावी, शेजारी गायतोंडे टांगावेत, आणि शाळांच्या सहली जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ठेवाव्यात. तेव्हा गावोगावची माणसं तशीही शहरात असतात.